एकोणिसावा बिल्ला

धारच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला बसायचं असेल तर आधी जगदेवराव केदारींच्या तीन प्रश्नांतून पार पडावं लागे, आणि ते काही खायचं काम नव्हतं.

जगदेवराव मंडळीचे वडील. वडील म्हणजे वयानं नव्हे, हुद्द्यानं. वयानंही होते म्हणा, अडुसष्ट पूर्ण. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढले. हात इतका स्थिर की त्यांनी मारलेली रेघ बघून पट्टीनं लाजावं. स्वभावही तसाच, आखलेला. प्रभुभोजनाच्या सकाळी घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नसे, आणि शेजारी कुणी चहाचा कप वाजवला तरी यांची भुवई वर जात असे.

तर ते बिल्ले. बिल्ला म्हणजे कथलाचा लंबगोल तुकडा, बोराएवढा, एका बाजूला प्याला कोरलेला. वर्षातून चार वेळा चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई, तेच प्रभुभोजन. त्याच्या आधीच्या आठवड्यात वडिलांनी घरोघर जायचं, विचारपूस करायची आणि माणूस पवित्र आचरणात आहे अशी खात्री पटली की त्याच्या तळहातावर बिल्ला ठेवायचा. रविवारी तो बिल्ला दारातल्या पितळी ताटलीत टाकून आत जायचं. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्यानं मागच्या बाकावर बसून गाणी म्हणावीत, पण ताट त्याच्यापुढं यायचं नाही. कुण्या गोऱ्या साहेबानं हा रिवाज आणला म्हणे. साहेब गेला, त्याच्या मुलखातही बिल्ले बंद पडले असतील, पण धारला चालूच. आपल्याकडे एकदा लागलेली गोष्ट सुटते होय?

जगदेवरावांचे प्रश्न तीन. घरात रोज प्रार्थना होते का? कुणाशी अबोला, भांडण आहे का? आणि प्रभू आत्ता या दारातून आला तर काही लपवावं लागेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळे 'नाही' असंच देत, कारण लपवायचं ते स्कूटरचा आवाज आला तेव्हाच लपवून झालेलं असे. तिरल्याचे भैयासाहेब तंबाखूची डबी पिठाच्या पिंपात टाकत. एकदा त्या पिठाच्या पोळ्या जगदेवरावांनाच वाढल्या गेल्या, ती हकिगत वेगळी.

पूर्वी साठ बिल्ले होते म्हणतात. काही फरशीखाली गेले, काही नागपूर-पुण्याला गेलेल्यांबरोबर गेले. एक मंडळीतल्या भगवंतच्या मुलीनं, चिऊनं, लहानपणी गिळला. तो दुसऱ्या दिवशी मिळाला, पण पुढं तो कुणी हातात घेईना. होता होता एकोणीस उरले. आणि गंमत अशी की मंडळीत बिल्ला घेणारी माणसंही घटत घटत एकोणीसच उरली. झालं! जगदेवरावांना यात साक्षात देवाचं बोट दिसलं.

“देवानं जग घडवायच्या आधीच आपली माणसं निवडून ठेवली आहेत,” ते सांगत. “त्याच्या कृपेनं, त्याच्या मर्जीनं. धारपुरती ती एकोणीस आहेत, त्याला मी काय करू?”

“आणि ती एकोणीस कोण, ते तुम्हाला कळवलंय वाटतं,” जानकीबाई, म्हणजे त्यांची बायको, पोळी लाटता लाटता म्हणत.

“कळवायला कशाला हवं? आचरणावरून दिसतं.”

हे बिल्ले एका लाल साटिनच्या थैलीत असत. थैलीला सोनेरी किनार. जुनी खादीची थैली उंदरांनी खाल्ली तेव्हा जानकीबाईंनी ही शिवून दिली होती, त्याला आता सहा वर्षं झाली. “पवित्र वस्तूला शोभेल अशी थैली हवी,” जगदेवराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. “बघा, कशी राजेशाही आहे!” आणि जानकीबाईंना नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात दूध बघायला जावं लागे.

या वर्षी दोन गोष्टी झाल्या. श्रावणात चौऱ्याण्णव वर्षांच्या इंदिराबाई झोपेतच प्रभूकडे गेल्या आणि एक बिल्ला शिल्लक राहिला. जगदेवरावांचं गणित बिघडलं. माणसं अठरा, बिल्ले एकोणीस. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तरुण पाळक पीयूष, जे हिंदी शाळेत शिकलेले आणि मराठी उपासना ओळीखाली बोट धरून वाचणारे, त्यांनी जाहीर केलं की नवरात्रातल्या रविवारचं प्रभुभोजन हे बिल्ल्यांचं शेवटचं. त्यानंतर बिल्ले काचेच्या कपाटात ठेवायचे. “यायचं त्यानं यावं, स्वतःला तपासून यावं,” पाळक म्हणाले.

“स्वतःला तपासून!” जगदेवराव घरी येऊन फणफणले. “स्वतःला तपासलं तर कोण नापास होईल?”

“तेच म्हणते मी,” जानकीबाई म्हणाल्या. आणि मग पदरानं हात पुसत, अगदी सहज असल्यासारखं: “अहो, वन्संचा फोन आला होता. देवासहून.”

जगदेवरावांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

वन्सं म्हणजे विनीता, जगदेवरावांची धाकटी बहीण. लग्न करून देवासला गेली, तरी तिचं नाव धारच्याच मंडळीत राहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला. पदरात काही नव्हतं, पण हातात शिवण होतं. पूर्वज राजाच्या दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आलेले शिंपी, तेव्हा शिवण रक्तातच. देवासला जो शिवतो तो टेकरीवरच्या मातेला वाहायच्या चुनऱ्या शिवतो, कारण मागणी त्याचीच. विनीताही शिवायला लागली. त्याच वर्षी जगदेवराव बिल्ला घेऊन तिच्याकडे गेले होते. दारात पाऊल टाकलं तर खोलीभर लाल आणि सोनेरी ढीग. त्यांनी प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. बिल्ला खिशातच ठेवला आणि वळले. “दादा, चहा तर घेऊन जा,” ती आतून म्हणाली होती. चहाही घेतला नाही.

तेव्हापासून नाताळाला फोन, तब्येत बरी का, गुडघे कसे आहेत, बस्स. देवासला हिंदी मंडळी आहे, तिथं बिल्ला वगैरे काही लागत नाही. ती तिथं प्रभुभोजन घेतच असेल, असं म्हणून जगदेवरावांनी मनाची समजूत घालून ठेवली होती.

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“म्हणाल्या, बिल्ले बंद व्हायच्या आधी एकदा दादाच्या हातून मिळेल का ते विचारा. नंतर दार सगळ्यांनाच उघडं होणार, मग त्याचं काय. मला दादानं दिलेला हवाय, म्हणाल्या.” जानकीबाईंनी पोळी तव्यावरून उतरवली. “आणि एक जास्तीचा आहेच ना तुमच्याकडे. तुमच्या देवानं उगीच ठेवला असेल का?”

शुक्रवारी सकाळी जगदेवराव सातच्या बसला बसले. मनात ठराव पक्का होता. चुनऱ्यांचं काम सोडते म्हणाली तर बिल्ला, नाहीतर नाही. बहीण असली म्हणून काय झालं? नियम तो नियम. बाकीचे सतरा वाटून झालेले, थैलीत दोनच बिल्ले होते, एक तो जास्तीचा आणि एक त्यांचा स्वतःचा.

इंदुरात गाडी बदलली. देवासची बस नवरात्राच्या यात्रेकरूंनी खच्चून भरलेली. कुणी नारळ घेतलेला, कुणी अनवाणी, मागे दोघं-तिघं जोरात जयजयकार करणारे. जगदेवराव थैली मांडीवर घट्ट धरून बसले. शेजारच्या आजीबाईंनी थैलीकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाल्या, “माताजी को चढ़ाओगे, बाबूजी? बहुत सुंदर है.”

“यह... यह दूसरी चीज है,” जगदेवराव म्हणाले आणि थैली कोटाच्या आतल्या खिशात कोंबली.

टेकरीखालच्या गल्लीत विनीताचं घर. बाहेरच्या खोलीत दोन मशिनी, एकीवर ती, दुसरीवर शेजारची उर्वशीभाभी. आणि तेच लाल-सोनेरी ढीग, अकरा वर्षांपूर्वी होते त्याच्या चौपट.

“आलास? बस, दादा,” विनीता मान वर न करता म्हणाली. “नाही, बसू नकोस. हे टोक धर.”

“विनू, मी तुझ्याशी एका गंभीर विषयावर...”

“धर रे! कापड जमिनीला लागतंय. पाचशे एक द्यायच्या आहेत आज.”

धरलं त्यांनी. काय करतील? टोक धरलं, मग दुसरं टोक धरलं, मग उर्वशीभाभी म्हणाली, “भिया, ये तह कर दो ना, फुरसत में हो तो.” अहो, धारच्या मंडळीचे वडील फुरसतीत! पण समोर चुनरीची घडी वाकडीतिकडी पडत होती, आणि नकाशे घडी घालण्यात ज्या माणसाचा जन्म गेला त्याला वाकडी घडी सहन होईना. त्यांनी एक घातली. कोपऱ्याला कोपरा, किनारीला किनार. मग दुसरी. उर्वशीभाभी बघतच राहिली. “अरे बाप रे, ये तो दुकान जैसी हो गई!” जगदेवरावांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. तासाभरात साठेक घड्या झाल्या असतील.

तेवढ्यात माल बघायला दुकानदार शालिग्राम आला. पोट सुटलेला, आनंदी माणूस.

“धार वाले भिया? जीजी के भिया तो अपने भी भिया!” त्यानं जगदेवरावांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मग विनीताकडे वळला. “जीजी, परसों भी थोड़ा कर देतीं. नवरात का इतवार है, भीड़ देखो.”

“इतवार को नहीं, शालिग्राम भिया. पता है ना.”

“पता है, पता है.” तो जगदेवरावांना सांगू लागला, जणू त्यांना ठाऊकच नसेल. “ग्यारा साल हो गए. इतवार को मशीन को हाथ नी लगाती. मैं बोला, जीजी, माता का काम है, पुण्य मिलेगा. बोली, भिया, आपकी माता को मेरी राम-राम, पर मेरा इतवार मेरे प्रभु का. अब क्या बोलो! और भिया, पूरी गली में सब हाथ भर कपड़ा मार लेते हैं. जीजी की चुनरी नाप लो, दो अंगुल जादा ही निकलेगी.”

चहा आला. आतून विनीतानंच आणला, आल्याचा, सुगंध असा की गल्लीतला माणूस थांबावा. एक कप शालिग्रामला, एक उर्वशीभाभीला, एक तिला स्वतःला. जगदेवरावांपुढं पाण्याचा तांब्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं. ट्रे रिकामा. सकाळी सहापासून एका कपावर असलेला माणूस, पण मागायचं कसं? त्यांनी पाणी प्यायलं आणि घडी घालायला घेतली. आत कुठंतरी बारीक काटा लागला होता खरा.

शालिग्राम गेल्यावर ते उठून उभे राहिले. “विनू, आता ऐक. वेळ नाही माझ्याकडे.” आणि खिशातून थैली काढून त्यांनी मशीनच्या फळीवर ठेवली.

उर्वशीभाभीनं एकदा बघितलं, वाकून थैलीची सोनेरी किनार बघितली, आणि टाळी वाजवली. “अरे, ये तो अपनी गोट है! वो पतली वाली, जो मैंने गलत काट दी थी. जीजी, याद है? छे साल पहले. आपकी भाभी ले गई थीं कतरन!”

विनीतानं ओठ दाबले, पण डोळे हसत होते. “वहिनींनी मागितलं होतं, दादा. म्हणाल्या, घरात लाल साटिन आहे का. मी काय, कतरण पडलीच होती.”

जगदेवराव थैलीकडे बघत राहिले. पवित्र वस्तूला शोभेल अशी. राजेशाही. सहा वर्षं, चोवीस प्रभुभोजनं, एकोणीस बिल्ले याच चुनरीच्या तुकड्यात झोपले आणि याच तुकड्यातून निघून निवडलेल्यांच्या तळहातावर गेले. तुकडा अपवित्र म्हणावा तर आख्खी मंडळी गेली, त्यांच्यासकट. आणि पवित्र म्हणावा तर... त्यांनी विचार तिथंच थांबवला आणि मोठ्यानं घसा खाकरला.

“पहिला प्रश्न,” ते म्हणाले. “घरात रोज प्रार्थना होते?”

“होते. मशीनला तेल घालायच्या आधी.”

“दुसरा. कुणाशी अबोला, भांडण?”

विनीताचा पाय पायट्यावरून उतरला. मशीन थांबली. “माझं नाही. तुझं आहे?”

“प्रश्न मी विचारतोय.”

“ते ठाऊक आहे. सगळ्यांना तू विचारतोस. तुला कोण विचारतं, दादा? तुझा बिल्ला तुला कोण देतं?”

“माझा मीच घेतो.”

“कुणी न विचारता?”

“वडील आहे मी मंडळीचा!”

उर्वशीभाभीला मराठी पुरतं कळत नसेल, पण इतकं कळलं. तिनं तोंडाला पदर लावला.

जगदेवरावांचा पारा चढला. “विषय बदलू नकोस. दुसऱ्याच्या देवाला वाहायची वस्तू शिवायची आणि प्रभूच्या मेजाला यायचं, हे जमतं तुला?”

“भगवंत मोहनखेड्याच्या जैन तीर्थावर दिव्यांचं काम बघतो. सगळी रोषणाई त्याच्या हातची. त्याला तू दर वेळी बिल्ला देतोस.”

“ती वीज आहे. वीज सरकारी असते.”

“आणि हे सूत गिरणीचं आहे.” आता तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. “दादा, मी कापड शिवते. हात कुणाला जोडायचे ते मला माहीत आहे, आणि या गल्लीलाही माहीत आहे. तूच नेहमी सांगतोस ना, देवानं आपल्याला जग व्हायच्या आधी निवडलं? जगच नव्हतं तर ही मशीन कुठली? माझं शिवण बघून निवडलं नाही त्यानं, आणि तुझे नकाशे बघूनही नाही. कापड मी आधी घेते, मग त्याला किनार लावते. किनार आहे म्हणून कापड घेत नाही कुणी. निवडल्यावर नीट राहायचं असतं, ते मी राहते. जमेल तेवढं.”

शब्द सगळे जगदेवरावांचेच होते, वर्षानुवर्षं ओसरीओसरीवर सांगितलेले, आणि आज ते भलत्याच बाजूला जाऊन उभे राहिले होते. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, “तसं इथल्या हिंदी मंडळीत बिल्ला लागत नाही. इथं तू प्रभुभोजन घेत असशीलच.”

“नाही.”

“नाही म्हणजे? कधीपासून?”

“अकरा वर्षं.”

“अगं पण का? इथं कोण अडवतंय तुला?”

“तू दिला नव्हतास,” विनीता म्हणाली. “घरच्या ताटावरून उठवलेलं माणूस शेजारच्या ताटावर कसं बसेल? ताट पुढं येतं, मी तसंच पुढच्याकडे सरकवते.”

अकरा वर्षं, वर्षाला चार वेळा. दर वेळी जगदेवराव स्वतः पहिल्या बाकावर निर्जळी उपाशी बसत आणि मग समाधानानं भाकर घेत. आणि ही पोर इथं ताट पुढं सरकवत होती. त्यांना आठवलं, लहानपणी घरात एकच लाडू उरला की विनू तो त्यांच्याकडे सरकवायची, मला नको म्हणायची, आणि ते खरंच मानून खायचे. मूर्ख! तेव्हाही मूर्ख आणि आताही मूर्ख.

त्यांनी थैलीची नाडी सोडली. दोन्ही बिल्ले फळीवर ठेवून एक त्यांनी तिच्याकडे सरकवला.

“हा तुझा.”

“तिसरा प्रश्न राहिला.”

“राहू दे.”

“आणि चुनऱ्या?”

“त्याही राहू देत. म्हणजे शिव. दोन अंगुळं जास्तीच देत जा.”

विनीतानं बिल्ला उचलला, पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ दातानं आवळली. मग दुसऱ्या बिल्ल्याकडे बघितलं. “हा?”

“माझा. तो तू ठेव.” जगदेवरावांनी तोही तिच्याकडे सरकवला. “विचार मला काय विचारायचंय ते, आणि द्यावासा वाटला तर दे.”

त्यांना वाटलं, आता ती रडेल, म्हणेल काय हे दादा, घे बरं. कसलं काय! तिनं तो बिल्लाही बांधला आणि पाय पायट्यावर ठेवला. “आज नाही. आज पाचशे एक आहेत. रविवारी बघते.”

आणि चहा? चहा शेवटपर्यंत विचारला नाही.

घरी पोचताच जगदेवरावांनी रिकामी थैली जानकीबाईंपुढं धरली. “हे कापड कुठलं?”

“आत्ता कळलं होय?” त्या म्हणाल्या. “सहा वर्षांत बिल्ल्यांना काही झालं का?”

“सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर उंदरांनी खाल्लेली परत काढली असतीत. जेवायला बसा.”

रविवार उजाडला. जगदेवराव नेहमीप्रमाणे निर्जळी, नेहमीप्रमाणे इस्त्रीचा कोट, नेहमीप्रमाणे पितळी ताटली घेऊन दारात. एकेक जण येत होता, “सलाम, सलाम” म्हणत बिल्ला टाकत होता. भैयासाहेबांचा बिल्ला टाकताना थोडं पीठ पडलं. भगवंत आला, जानकीबाई आल्या. नऊ वाजले. ताटलीत सतरा. सगळे आत जाऊन बसले, आणि वडील दारातच.

पाळक बाहेर आले. “काकासाहेब, आत या ना. सुरू करायचं आहे.”

“करा सुरू. माझ्याकडे बिल्ला नाही.”

“तुमच्याकडे?” पाळकांना वाटलं आपलंच मराठी कच्चं.

“नाही. मला अजून मिळालेला नाही.”

ही बातमी बाकाबाकांवरून आत गेली. माना वळल्या. केदारींना बिल्ला नाही! भगवंत उठून आला आणि हळूच म्हणाला, “काका, ताटलीतला माझा घ्या. आज माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणा.” जगदेवरावांना गहिवरून आलं. या भल्या पोराला आपण दर वेळी कसे खोदून खोदून विचारायचो! “तुझा तुझ्यासाठी आहे, बाळा. जा, बस,” ते म्हणाले.

पहिलं गाणं सुरू झालं. गाणं संपलं की दार लावायचं हा नियम, आणि तो त्यांनीच केलेला. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. आली नाही तर? यात्रेची गर्दी, बस मिळाली नसेल. किंवा मिळूनही बसली नसेल. का बसावं तिनं? अकरा वर्षं आपण गेलो का? जगदेवराव उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून, जन्मात पहिल्यांदाच, आत बसलेल्यांकडे बाहेरून बघत होते. केवढे जवळ दिसतात सगळे इथून, आणि केवढे लांब. पेटीवाल्या वल्लरीनं त्यांच्याकडे बघितलं आणि संपलेलं कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं. आतल्या सगळ्यांनीही, काही न कळल्यासारखं करून, पुन्हा म्हटलं. तेच कडवं चौथ्यांदा चाललं असताना फाटकाशी रिक्षा थांबली.

विनीता उतरली. निळं लुगडं, एका हातात थर्मास. दाराशी येऊन तिनं पदराची गाठ सोडली, आपला बिल्ला ताटलीत टाकला. टण्ण. अठरा. मग भावासमोर उभी राहिली.

“कुणाशी अबोला, भांडण?” तिनं विचारलं. गाणं एव्हाना थांबलं होतं, त्यामुळे सगळ्या मंडळीला ऐकू गेलं.

“होतं,” जगदेवराव म्हणाले. “अकरा वर्षं. माझ्याच बाजूनं. चूक माझी होती, विनू.”

“आता?”

“आता तू सांग.”

विनीतानं थर्मासचं झाकण उघडलं. आल्याचा वास चर्चच्या दारात पसरला. झाकणात चहा ओतून तिनं पुढं केला. “तेव्हाचा राहिला होता.”

आत कुणीतरी श्वास रोखला. प्रभुभोजनाच्या सकाळी, केदारींच्या हातात चहा! जगदेवरावांनी चहाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि तिथंच उंबऱ्यावर, सगळ्यांच्या देखत, फुंकर मारत मारत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते चहा फार गरम म्हणून, असं त्यांनी नंतर भैयासाहेबांना सांगितलं.

मग विनीतानं एकोणिसावा बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला.

भाकरीचं ताट फिरवायचं काम वडिलांचं. जगदेवराव बाकाबाकावरून चालत गेले. प्रत्येकानं रिवाजाप्रमाणे कणभर तुकडा उचलला. मागून दुसऱ्या बाकावर जानकीबाईंशेजारी विनीता बसली होती. ताट तिच्यापुढं आलं. तिचा हात सवयीनं ताटाच्या कडेला लागला, पुढं सरकवायला. जगदेवरावांनी ताट घट्ट धरून ठेवलं, ते हललं नाही. तेव्हा तिनं वर बघितलं, आणि एक लहानसा तुकडा घेतला.

प्रभुभोजनात आग्रह करायचा नसतो. ते काही लग्नाचं जेवण नव्हे, आणि हे धारच्या मंडळीला शिकवलं होतं जगदेवराव केदारींनीच. पण ते ताट घेऊन तिथंच उभे राहिले, आणि खाली वाकून हळूच म्हणाले, “अजून घे, विनू.”